रास लहमारची नोंदवही

सी तय्यब यांचा फोन आला तेव्हा नझीहा स्फॅक्समधल्या एका दंतवैद्याच्या साईटवर चकचकीत दातांचे फोटो चढवत बसली होती.

"पोरी, माझी वही बुडाली," ते म्हणाले.

"साईट उघडत नाही का?"

"पूर्ण पत्ता लिहिला तर उघडते. पण पत्ता ठाऊक असतो कुणाला? लोक शब्द टाकून शोधतात. अंगठी लिहितात, जखमेची खूण लिहितात, आणि मग माझ्यापर्यंत पोचतात. चार महिने झाले, एकही फोन नाही. मला वाटलं, लोकांनी शोधायचं सोडून दिलं असेल. काल शेजारच्या मास्तरांना शोधायला लावलं, तर काहीच नाही. गावाचं नाव टाकलं तरी नाही."

गाव ज्यांना मानाने 'सी' म्हणायचं त्या तय्यब यांनी समुद्रकाठच्या रास लहमारच्या सरकारी दवाखान्यात एकतीस वर्षं जखमा बांधल्या होत्या. इटलीला चोरून निघालेल्या होड्यांतल्या बुडालेल्या माणसांपैकी ज्यांना समुद्र परत करायचा, ती त्या किनाऱ्यावर लागत. त्यांना धुवून पुरायला निवृत्तीनंतरही दवाखान्यातून सी तय्यब यांनाच बोलावणं यायचं. त्या माणसांची नावं त्यांना कधीच कळत नसत. म्हणून ते बाकी सगळं लिहून ठेवायचे: कुठला दात पडलेला, कुठे टाके घातलेले, सदऱ्याची बटणं कसली, आणि शेवटी कबरस्तानातली रांग व जागा. फोटो नाहीत, नुसते शब्द. अशा दोनशेहून जास्त नोंदी झाल्या होत्या. सहा वर्षांपूर्वी नझीहाने या वहीची साईट फुकट बांधून दिली. तेव्हापासून चौतीस घरांना आपला माणूस कुठल्या मातीत आहे ते कळलं होतं.

तिने फोन ठेवला आणि जागेवरूनच शोधून पाहिलं. वहीतलं एक अख्खं वाक्य जसंच्या तसं टाकलं. काही नाही. एखादी साईट मागे पडते, दहाव्या पानावर जाऊन बसते, हे ती रोज बघायची. ही मागे पडलेली नव्हती. सर्च इंजिनाच्या लेखी ती जन्मलीच नव्हती.

तिने पुन्हा फोन लावून पासवर्ड विचारला.

"फोनवर कुणालाही सांगायचा नाही, असं तूच बजावलं होतंस," सी तय्यब म्हणाले.

"अहो, पण मीच विचारतेय."

"तू आहेस हे मला कसं कळणार? ये तू. दोर्सफ कालवण करेल."

दोर्सफ ही त्यांची मुलगी. बापाच्या घरापासून चार घरं टाकून तिने समुद्राच्या अंगाला पाहुण्यांसाठी सात खोल्या बांधल्या होत्या. तिचीही साईट नझीहानेच केली होती, ती मात्र पैसे घेऊन.

दुसऱ्या दिवशी नझीहा पहिल्या गाडीने निघाली आणि दुपारच्या आत रास लहमारला पोचली. वाटेत तिने मनातल्या मनात संशयितांची उजळणी केली. कुणी आत शिरून जुगाराच्या जाहिरातींची पानं कोंबली असतील. एका तेलाच्या व्यापाऱ्याचं तसंच झालं होतं. कुणी मजकूर चोरून दुसरीकडे छापला असेल. किंवा साईटचं नाव चालू ठेवायची मुदत संपत आली असेल.

सी तय्यब यांनी तिला खिडकीपाशी बसवलं, पासवर्डाचा कागद कुराणाच्या मागून काढून दिला आणि कॉफी ठेवायला गेले. नझीहाने एकेक दार उघडून पाहिलं. जुगार नव्हता, चोरी नव्हती, मुदत अजून वर्षभर होती. मग ती साईटच्या साध्या सेटिंगमध्ये गेली. तिथे एक छोटा चौकोन होता: 'सर्च इंजिनांना ही साईट दाखवू नका'. त्यात बरोबरची खूण होती.

साईट बांधायला घेताना ती खूण करतात, अर्धवट काम लोकांना दिसू नये म्हणून. आपणच विसरलो की काय? पण सहा वर्षं साईट दिसत होती. आत कोण आलं, काय बदललं, याची नोंद ठेवायची सोय तिनेच बसवली होती. तिने ती उघडली. अकरा मार्च, दुपारी दोन वाजून दहा मिनिटं. नाव: दोर्सफ.

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर महिनाभर सी तय्यब सांगायचे आणि दोर्सफ लिहायची. त्यासाठी नझीहानेच तिला आत यायची परवानगी दिली होती.

"सापडलं का काही?" सी तय्यब यांनी आतून विचारलं.

"बघतेय अजून."

तिने खूण काढली आणि सर्च इंजिनाला साईट पुन्हा तपासायची विनंती पाठवली. सगळं मिळून दहा मिनिटांचं काम. मग "जरा दोर्सफला भेटून येते" म्हणत ती उठली.

दोर्सफ स्वयंपाकघरात ऑक्टोपस साफ करत होती. नझीहाचा चेहरा बघूनच तिला उमगलं असावं. तिने नळ बंद केला नाही.

"त्यांना सांगितलंस?"

"नाही. आधी तुझ्या तोंडून ऐकायचंय."

"माझ्या तोंडून काय ऐकतेस? तुझंच बोलणं आठव की. तू म्हणालीस, गावाचं नाव टाकलं की आधी तुझ्या बाबांची वही येते, तुझ्या खोल्या खाली. ती तिथे आहे तोवर तुला वर आणणं माझ्या हातात नाही, म्हणालीस."

नझीहाला आठवलं. फेब्रुवारीत, फोनवर, कामाचा खुलासा म्हणून ती बोलून गेली होती.

"दडवून टाक असं म्हटलं नव्हतं मी."

"दडवलं कुठे? आहे तिथेच आहे. एक अक्षर पुसलं नाही मी." दोर्सफने हात पुसले. "गेल्या वर्षी एका बाईने विचारलं, पोरांना पाण्यात सोडलं तर पायाला काही लागणार नाही ना? मी म्हटलं, दगड नाहीत आमच्याकडे. ती म्हणाली, दगडांचं नाही विचारत मी. दुसऱ्या दिवशी सामान बांधून गेली. मी काय करायचं? शाळेत मला सगळ्या मुली मढेवाल्याची पोरगी म्हणायच्या. आई आजारी होती तेव्हा बाबा कबरस्तानात. माझ्या लग्नाच्या सकाळी होडी लागली, तेव्हाही तिकडेच. मेलेल्यांना त्यांनी जेवढं पाहिलं ना, तेवढं मला कधी पाहिलं नाही."

"आणि ज्यांची पोरं आहेत तिथे, त्यांचं काय?"

"हंगाम संपला की काढणार होते ती खूण. सप्टेंबरात." मग आवाज खाली आणून ती म्हणाली, "सांगणार असशील तर पूर्ण सांग. ही युक्ती मला कुणामुळे सुचली, तेही सांग."

नझीहा परत चालत आली ती वाक्यं जुळवतच. सी तय्यब दारातच उभे होते.

"यंत्राचा घोळ होता," ती म्हणाली. "मार्चमध्ये आतलं काहीतरी आपोआप बदललं. होतं असं कधीकधी."

"म्हणजे कुणी केलं नाही ना?"

"नाही."

"बरं झालं. मला उगाच शंका येत होती. सरकारातलं कुणी, नाहीतर चोरून माणसं नेणारे होडीवाले," ते म्हणाले. दोर्सफकडून कालवणाचा डबा आल्यावर त्यांनी तिला जेवायला बसवलं आणि डबा उघडून दोर्सफच्या हाताची तारीफ केली.

वही पुन्हा दिसायला सतरा दिवस लागले. आधी दोन पानं आली, मग वीस, मग सगळी. नझीहा रोज सकाळी तपासायची. नीट बसवून द्यायचं म्हणून ती ऑगस्टच्या सुरुवातीला परत रास लहमारला गेली. तिने सी तय्यब यांचा पासवर्ड बदलला आणि दोर्सफची परवानगी काढून टाकली. ती अजून टेबलापाशीच असताना फोन वाजला. सी तय्यब यांना कमी ऐकू यायचं, म्हणून ते फोनचा आवाज मोठा ठेवत; पलीकडचं बोलणं खोलीभर पसरलं.

बाई सिलियानाकडची होती, नाव मनूबिया. तिचा वज्दी दोन वर्षांपूर्वी निघाला होता. निघताना तिने त्याच्या पँटला आतून एक चोरखिसा शिवला होता, घरात दुसरा दोरा नव्हता म्हणून हिरव्या दोऱ्याने. हिवाळ्यात शेजारच्या मुलीने कुठेतरी वाचलं होतं, हिरव्या दोऱ्याचा खिसा. तिने सांगितलं तोवर मार्च संपला होता. मग रोज शोधलं, त्या मुलीने शोधलं, शाळेतल्या बाईंनी शोधलं, पण ते पान मिळेना. लोक म्हणाले, मुलीला भास झाला असेल. मुलगी रडायची, म्हणायची, मी वाचलंय.

"काल सापडलं," बाई म्हणाली. "तिसरी रांग, भिंतीकडून चौथी. तोच आहे ना?"

सी तय्यब यांनी वही चाळली. "तोच, लल्ला," ते बाईला मानाने म्हणाले. "मी स्वतः धुतलं त्याला. नीट धुतलं."

पलीकडे बाईने रांग आणि जागा पुन्हा एकदा मोठ्याने म्हणून पाहिली.

"त्याच्या बापाला यायचं होतं," मग ती म्हणाली. "पाय चालत नव्हते, तरी म्हणायचे, गाडीत घालून न्या, मी मातीला हात लावतो. मोठ्या ईदेच्या आठ दिवस आधी गेले. शेवटपर्यंत विचारत होते, पान मिळालं का?"

सी तय्यब यांनी डोळे मिटले. "मला माफ करा, लल्ला. यंत्राचा घोळ झाला होता. कुणा माणसाचा दोष नाही यात, माझ्याकडे जाणती मुलगी आहे, तिने तपासून सांगितलंय. कुणी केलं नाही."

"मग अल्लाचीच मर्जी," बाई म्हणाली.

"त्याचीच मर्जी."

नझीहाचे हात टेबलावर होते. आत्ता बोलायला हवं, असं तिला वाटलं. तिने तोंड उघडलंही. पण सी तय्यब बाईला गाडीच्या वेळा सांगायला लागले, कुठे उतरायचं ते सांगायला लागले. मग म्हणाले, "राहायची काळजी करू नका. माझ्या मुलीच्या खोल्या आहेत इथेच, समुद्राच्या बाजूला. ती तुमच्याकडून काही घेणार नाही."

मनूबिया पुढच्या शुक्रवारी आली आणि दोन दिवस राहिली. दोर्सफने तिला सगळ्यात चांगली खोली दिली आणि ती स्वतः तिच्यासोबत कबरस्तानात जाऊन आली, असं सी तय्यब यांनी नझीहाला फोनवर कौतुकाने सांगितलं. जाताना बाईने दोर्सफच्या कपाळाचं चुंबन घेतलं म्हणे.

दोर्सफचा फोन ऑक्टोबरात आला, पुढच्या हंगामाच्या कामासाठी. खोल्यांचे नवे फोटो काढले होते. मागच्या गोष्टीबद्दल ती बोलली नाही, नझीहानेही विचारलं नाही. फक्त फोन ठेवताना दोर्सफ म्हणाली, "गावाच्या नावाने वर यायचं सोडून दे, तिथे बाबांची वही राहू दे. दुसरे शब्द शोध."

"शोधते," नझीहा म्हणाली, आणि फोटो चढवायला घेतले.