सुपारी फुटेपर्यंत

उन्हं तोरण्याकडे कलली तरी घोंगडी परत आली नव्हती.

चाळीस दिवसांचा नेम होता माझा. दिवेलागणीला एकाच आसनावर बसून अकरा माळा जप, तोवर अन्नाला शिवायचं नाही. आसन बदललं किंवा जपात हललं की नेम मोडला. आजचा एकोणचाळिसावा दिवस.

आसन म्हणजे सासूबाईंच्या वेळची काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची घोंगडी. सकाळी वरच्या वाडीतल्या सारजाबाई ती मागायला दारात आल्या.

"नातीला बघाय कामथडीचे पाव्हणे येत्यात, साधना. आमच्यात सुपारी घोंगडीवर फुटती. आमचीला कसर लागली, आन् नवी कराय मेंढरं कुठं ऱ्हायलीत?"

"पण सारजाबाई, माझा नेम..."

"दुपारपतोर आणून देती. ह्यातलं सूत माज्या हातचं हाय. तुज्या सासूला म्याच दिली व्हती."

दिली मी.

दुपार गेली. दहादा उंबऱ्यापर्यंत जाऊन आले. चुलीवरचं दूध उतू गेलं. शेजारची मंगल हसली, "काकू, चटईवर बसा की. देव काय आसन तपासाया येतोय व्हय?"

मी गळ्यात जपमाळेची पिशवी अडकवली नि वाडीची चढण धरली.

पाव्हण्यांचा टेम्पो नसरापुरात बंद पडला होता. ते नुकतेच पोचले होते. ओसरीवर माझ्या घोंगडीवर पाचजण बसलेले, आणि लग्न कुणाच्या दारात यावर वाद पेटलेला. आत दाराआड सोनिया, सारजाबाईंची नात, नखं खात उभी.

सारजाबाई माझ्याकडे धावल्या. "सुपारी फुटल्याबिगर घोंगडी हलवत न्हाईत, बाई. हलली तर सोयरीकबी हलती." त्यांनी माझा पदर धरला.

मला मागता येईना. सूर्य डोंगराला टेकला.

त्यांचे मालक हैबतीबाबा सरकले. "हितं कडंला बसा. लोकरीला कसला इटाळ?"

परक्या पुरुषांच्या पंगतीला मी जन्मात बसले नव्हते. बसले. डोळे मिटले. तंबाखूचा वास, कुणाचा तरी गुडघा. तिसरी माळ चुकली, पुन्हा धरली.

"मांडव आमच्याच दारात!" मुलाचा मामा ओरडला.

"हळू, पाव्हणं. बाईंचा जप चाललाय," हैबतीबाबा म्हणाले.

"मांडव... आमच्या दारात," मामा पुटपुटला.

"न्हाई. आमच्या," इकडून कुणी कुजबुजलं.

कुजबुजत भांडण फार वेळ टिकत नाही. कोण जोर लावणार? दहावी माळ संपता संपता, मुलीच्या दारात मांडव ठरला आणि सुपारी फुटली.

"उठा रं आता!" सारजाबाई घाईनं म्हणाल्या. "बाईची घोंगडी मोकळी करा."

पाव्हणे उठायला लागले, तशी घोंगडी माझ्याखाली सरकली. मी डोळे न उघडता हातानंच त्यांना खाली बसवलं.

एक माळ बाकी होती.