राहिलेली कडवी

मानवी संस्कृती दोनच गोष्टींवर उभी आहे: अग्नी आणि मी. अग्नीने माणसाला अन्न शिजवायला शिकवलं; अन्न शिजलं आहे, पहिल्या पंगतीने बसून घ्यावं, हे मी सांगितलं. एरवी मी एक जुना माइक आहे. माझी जाळी एका बाजूने चेपली आहे आणि गेल्या गणपतीपासून तिला श्रीखंडाचा वास येतो.

मित्रांनो, कारखान्यातलं मला काही आठवत नाही. आठवतो तो आयर्लंडमधल्या कॉर्कच्या गोदीत काम करणारा एक माणूस. त्याने मला आपल्या मुलीसाठी विकत घेतलं. मुलगी एकोणीस वर्षांची, नाव फिनोला. गाणी लिहायची, गायची, आणि नशीब काढायला इंग्लंडला निघाली होती. बोट दिसेनाशी होईपर्यंत तिचे वडील धक्क्यावर उभे होते. त्यावर तिने बोटीतच गाणं लिहायला घेतलं. तीन कडवी झाली, चौथं काही सुचेना.

नॉटिंगहॅमच्या पबांमधून ती गायची. तिचा श्वास माझ्या जाळीवर थरथरायचा. पहिल्या वर्षी लोकांनी तिला 'आश्वासक' म्हटलं. अकराव्या वर्षीही 'आश्वासक'च म्हटलं, तेव्हा काय ते तिला कळलं. मग एका पबमालकाने सुचवलं, "मध्यंतरात चार रेकॉर्ड लावशील का? लोकांना नाचायचंय." तिने लावल्या. मध्यंतर वाढत गेलं, गाणं आटत गेलं, आणि एक दिवस फिनोला डीजे झाली. लग्नं, वाढदिवस, निवृत्तीचे समारंभ. मी पेटीत. बाहेर काढलंच, तर केक कापणार आहेत एवढं सांगायला.

पुढे वडील गेले. त्यांना पोचवून परतताना बोटीवर तिला चौथं कडवं सुचलं. ते तिने मलाच हळू आवाजात म्हणून दाखवलं. वायर जोडलेली नव्हती, तरी मी ऐकलं. आता तिला एवढंच हवं होतं: हे गाणं एकदा, पुरतं, माणसांसमोर गायचं. पण डीजेला गाणी लावायला बोलावतात. गायला कोण बोलावणार?

अशात तिला मिल्टन कीन्सहून एका मराठी लग्नाचं काम आलं. मुलगी चैत्राली, मुलगा मिहीर, आणि सगळी सूत्रं मुलीच्या मुरलीधरकाकांच्या हाती. काकांनी तिला इंग्रजीत बजावलं, "लोकांनी तांदूळ टाकले की वाजवायचं. फुल व्हॉल्यूम!"

हे तांदूळ सहा वेळा टाकतात, हे सांगायचं काका विसरले.

मंगलाष्टकं मुलीच्या उल्कामावशीने स्वतः रचली होती. सहा कडवी, त्यांत नॉटिंगहॅमपासून नागपूरपर्यंत एकही नातेवाईक सुटलेला नव्हता. मला हातात धरून मावशीने पहिलं कडवं खड्या आवाजात म्हटलं, 'सावधान' झालं, आणि दोनशे माणसांनी अक्षता टाकल्या. फिनोलाने इमानेइतबारे सनई-चौघडा फुल केला. अंतरपाट धरणारे गडबडले, अंतरपाट खाली आला, मिहीरने हार घातला. टाळ्या!

"अहो, मुहूर्ताला अजून नऊ मिनिटं आहेत!" काका घड्याळ धरून ओरडले.

"आणि माझी पाच कडवी राहिली!" मावशी म्हणाली. ती हातातल्या कागदाकडे बघत होती.

"मावशी, इट्स फाइन, माझा लग्न झाला ना," चैत्राली म्हणाली.

"तुझा झाला गं. माझं काय?"

फिनोलाने सनई बंद केली. तिला मराठी येत नव्हतं, पण न गायलेल्या कागदाकडे बघणारं माणूस तिला बरोब्बर ओळखता आलं. ती मावशीपाशी आली आणि म्हणाली, "तुम्ही गा. मी ऐकते." लोक जेवायच्या रांगेकडे पळाले होते. मावशीने पाचही कडवी म्हटली. ऐकायला फिनोला आणि मी. शेवटच्या कडव्याला मावशीचा आवाज फाटला. फिनोलाने माझा आवाज किंचित वाढवून तो सावरला.

"तू पण लिहितेस?" मावशीने विचारलं.

"लिहीत होते."

मावशीने थेट मुरलीधरकाकांना गाठलं. "भाऊजी, ही गाणार आहे. चारच कडवी."

"गाऊ दे की! आपल्याकडे कोणी नाही म्हटलंय? पाचला हॉल मोकळा करायचाय फक्त."

मित्रांनो, एवढ्या वर्षांनी तिचा श्वास माझ्या जाळीवर आला. पहिलं कडवं झालं. मावशी समोर बसून ऐकत होती. रांगेतल्या दोघातिघांनी ताटं धरून मागे वळून पाहिलं. दुसऱ्या कडव्यात बोट धक्क्यापासून सुटली...

आणि काकांनी तिच्या हातून मला घेतलं. "सॉरी हं, वन मिनिट. एक चंदेरी गाडी किचनच्या दारात लागली आहे. केटररची व्हॅन अडकलीय. जिलब्या आत आहेत!" त्यांनी चिठ्ठीवरचा नंबर तीनदा वाचला. कोणी उठेना. सगळे जिलब्यांच्या काळजीत पडले. शेवटी उघड झालं, की गाडी काकांचीच होती. मंगळवारी नवी घेतलेली. नंबर पाठ नव्हता.

सगळे खूप हसले. फिनोलाही हसली. काकांनी मला परत दिलं तेव्हा तिने फक्त "जिलब्या आल्या" एवढं सांगितलं.

ती मला विसरून गेली, असं इथल्या मराठी मंडळात सगळे म्हणतात. विसरणाऱ्या बाईने माझी वायर इतकी नीट गुंडाळून उल्कामावशीच्या खुर्चीवर ठेवली नसती. मावशीने फोन केला, तेव्हा ती म्हणाली, "तुमच्याकडेच राहू द्या. मी आता ते काम सोडलंय."

आता मी मंडळाच्या कपाटात असतो, लेझीमच्या खाली. मावशी वर्षातून एकदा माझी जाळी पुसते. त्या गाण्याची चारही कडवी कोणाला ठाऊक असतील, तर फिनोलाला आणि मला. मला सांगता येत नाहीत. माझ्यातून नेहमी दुसराच बोलतो.

म्हणून सांगतो, मित्रांनो, कोणी गात असेल तर त्याच्या हातून मला ओढू नका. त्याचं शेवटचं कडवं होऊ द्या. जिलबी थांबते.

आणि मुरलीधरकाका, आजही तुमची चंदेरी गाडी किचनच्या दारातच लागली आहे. तेवढी हलवा.