पेलिकन गल्लीची साखळी

बंदर प्राधिकरणाचा रखवालदार इग्नेशियस क्वामिनानं गल्लीच्या तोंडाशी साखळीचं टोक खांबाच्या कडीत अडकवलं, एकदा ओढून पाहिलं, टोपी सारखी केली आणि कुणाला उद्देशून नाही अशा आवाजात जाहीर केलं, "रस्ता बंद."

"बरं झालं सांगितलंस," साखळीच्या आतल्या बाजूनं फुलमती म्हणाली. तिच्या डबल्सच्या, म्हणजे तळलेल्या पुऱ्यांत भरून विकायच्या चण्यांच्या, पेटीतून वाफ वर येत होती. "आता मी आत आहे की बाहेर?"

"तू तुझ्या जागेवर आहेस. गप बस."

गल्लीत फुलमती एकटी नव्हती. कोळी जाळी दुरुस्त करत होते, भिंतीच्या सावलीत चौघांचा पत्त्यांचा डाव रंगला होता, दोन बायका कुणाच्या तरी सुनेची उणीदुणी काढत होत्या. एरवी माणसं या गल्लीतून समुद्राकडे नुसती जात. आज मात्र ठाण मांडून बसली होती. हे साखळीबाहेर छत्री धरून घडीच्या खुर्चीवर बसलेल्या मिस लेझामांच्या नजरेतून सुटलं नाही. त्या शहराच्या मालमत्ता खात्यात होत्या. त्यांना चहा दिला तर त्या आधी कप कुणाच्या मालकीचा ते विचारतील, असं खात्यात म्हणत.

"मिस्टर क्वामिना, ही मंडळी आत कधी आली?"

"साखळीच्या आधी."

"का?"

"रस्ता दिवसभर बंद राहणार. बाहेर उन्हात उभं राहून करायचं काय त्यांनी? म्हणून मी म्हणतो, यायचं असेल त्यानं आधीच आत या."

मिस लेझामांनी छत्री खाली घेतली. "दर वर्षी म्हणता?"

क्वामिनाला साखळीच्या एका दुव्यावर एकाएकी फार गंज दिसला.

गल्ली बंदर प्राधिकरणाची होती आणि शहराच्या नगरपालिकेला ती लोकांसाठी हवी होती. त्रिनिदादच्या या टोकाला प्राधिकरणाशिवाय पान हलत नाही, पण कायदा थोडा खट्याळ होता. खाजगी रस्त्यावरून लोक वर्षानुवर्षं बिनदिक्कत ये-जा करत राहिले, तर तो लोकांचा होतो; मालकानं वर्षातून एक दिवस लोकांना अडवलं, तर तो मालकाचा राहतो. म्हणून ही साखळी. सोमवारी सुनावणी होती. लोकांना खरोखर अडवलं होतं असं ठरलं, तर शहराला गल्ली विकत घ्यावी लागणार, आणि शहराच्या तिजोरीत तूर्त झाडूवाल्यांचा पगारही नव्हता. मग प्राधिकरण तिथं गोदामाची भिंत घालणार. कोळ्यांना होड्यांकडे जायला दुसरी वाट नव्हती. फुलमतीच्या पेटीला दुसरी जागा नव्हती. याच खांबाशी तिची सासू बसत होती.

"म्हणजे अडवलं कुणालाच नाही," मिस लेझामा हळूच म्हणाल्या. "हे तुम्ही सोमवारी सांगाल?"

फुलमतीनं झारा खाली ठेवला. "बाई, त्याला बोलायला लावू नका. महिनाअखेर सुटतोय तो नोकरीतून. साखळी नीट लावली नाही असं त्याच्याच तोंडून निघालं, तर ती माणसं त्याच्या फंडातून टोपीचे पैसेसुद्धा कापून घेतील."

"आणि तुमची जागा?"

"माझी जागा माझी मी बघेन. नाही बघता आली तर रडेन. पण त्याच्या फंडावर बसून डबल्स विकायचे नाहीत मला."

क्वामिना खांबाकडे तोंड करून उभा राहिला. मिस लेझामांनी पुन्हा छत्री उघडली. हिशेब त्यांना कळला होता, आणि तो कुठूनही मांडला तरी एका माणसाच्या खाती खर्च पडत होता.

दुपार कलताना प्राधिकरणाचे वकील गिटेन्स आले. इतकी वर्षं त्यांचं खातं फोनवर विचारी, "लावली का?" आणि क्वामिना सांगे, "लावली." यंदा शहरानं दावा ठोकल्यामुळे फोटो काढायला ते जातीनं आले होते. त्यांनी मिस लेझामांना नमस्कार केला, साखळीकडे मोबाइल धरला आणि तसाच खाली घेतला.

"क्वामिना, ही जत्रा कसली? बंद रस्त्याचा फोटो आणि त्यात पत्त्यांचा डाव?"

"साखळी कुणीही ओलांडलेली नाही, साहेब."

"मला रिकामा रस्ता हवाय. बाहेर काढा सगळ्यांना."

"काढतो. पण साखळी आडवी आहे."

"मग वाकून येऊ दे खालून!"

"वाकून?" फुलमती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "वकीलसाहेब, माझे गुडघे काय प्राधिकरणाचे आहेत? आणि ही पेटी? ती पण वाकणार का?"

पत्त्यांच्या डावातून कुणीतरी हसलं. गिटेन्सनी घड्याळ पाहिलं, आभाळ पाहिलं. उजेड उतरत होता.

"बरं, उघडा. पटकन."

क्वामिना हलला नाही. "साखळी उघडू, साहेब?"

"उघडा म्हणतोय ना!"

"तुम्ही सांगताय म्हणून उघडतो," क्वामिना म्हणाला. तो ते बहिऱ्याशी बोलावं तसं, एकेक शब्द सुटा करून बोलला. तसा त्याचा आवाज एरवी बारीक होता. मग त्यानं कडीतून टोक काढलं आणि साखळी भुईवर पडू दिली.

आतली मंडळी निघाली, पण घाई कुणालाच नव्हती. पत्तेवाल्यांनी आधी डाव संपवला. फुलमतीची पेटी उचलायला चार जण धावले आणि चौघांनी चार दिशांना ओढली. तेवढ्यात हातगाडीवर बर्फ घेऊन लॅन्स नावाचा कोळी आला. रस्ता उघडा दिसला तसा सरळ आत शिरला आणि गाडी खडखडवत समुद्राकडे निघाला.

"अरे, त्याला अडवा!"

"अडवतो," क्वामिना म्हणाला. "साखळी लावू? पण मग तो आत राहील, फोटोत दिसेल. की बाहेर येऊ दे? मग उघडीच ठेवावी लागेल. तुम्ही म्हणाल तसं."

गिटेन्सनी तोंड उघडलं. मग त्यांची नजर खुर्चीकडे गेली. मिस लेझामा गाडीकडे अशा कुतूहलानं पाहत होत्या, जणू बर्फ त्यांनी आजवर पाहिलाच नव्हता. गाडी होडीपर्यंत पोचली. तिच्या मागोमाग दोन पोरी आणि एक म्हातारा गल्लीत शिरले, रोजच्यासारखे, कुणाला न विचारता.

वकिलांनी मोबाइल खिशात टाकला आणि ते आपल्या मोटारीत जाऊन बसले.

मिस लेझामा उठल्या. खुर्ची मिटून त्या क्वामिनापाशी आल्या. तो साखळी गुंडाळत होता, फार मन लावून.

"म्हणजे साखळी मालकाच्या वकिलानंच उघडायला लावली; सोमवारी मी एवढंच सांगेन. मिस्टर क्वामिना, तुम्ही त्यांना मुद्दामच—"

"बाई," मधेच फुलमती म्हणाली. तिची पेटी पुन्हा खांबाशी आली होती, आणि एक डबल्स कागदावर तयार होतं. "तिखट किती घालू?"

मिस लेझामांनी क्वामिनाच्या वाकलेल्या पाठीकडे पाहिलं, मग कागदावरच्या चण्यांकडे.

"घाला तुमच्या अंदाजानं," त्या म्हणाल्या.