कातडं उतरलं त्या दिवशी

आमच्या खोऱ्यात शिरगणतीचा माणूस नेमका मेंढ्या विण्याच्या दिवसांत येतो. सरकारात मेंढरं राखलेला एकही माणूस नसावा, नाहीतर असला मुहूर्त कुणी काढला असता?

त्या साली शिरगणतीची वही घेऊन डॉड्स मास्तर चिखल तुडवत आले. मी त्यांना चुलीशी बसवून ओटची भाकरी आणि चीज पुढे केलं. माझा घरधनी अॅडम हिस्लॉप मेंढ्यांतून नुकताच आलेला, अजून हातही धुतले नव्हते. कोपऱ्यात ग्रिझेल बटाटे सोलत होती. एडिंबरोची पोरकी पोर, पंचांनी आमच्याकडे सांभाळायला धाडलेली. आमची लेक एफी ज्या हिवाळ्यात गेली त्याच हिवाळ्यात ही आली. अंगावर धड कपडा नव्हता, म्हणून मीच तिला एफीचा निळा झगा घातला. इथवर ठीक. पण अॅडम तिला हाकही एफी म्हणूनच मारू लागला. पोर मुकाट ओ द्यायची.

त्याच सकाळी तिनं मला विचारलं होतं, "काकू, मास्तर माझं नाव काय लिहितील?"

"तुझं आहे तेच."

"मग मला परत धाडतील?"

आता मास्तरांनी विचारलं, "पुढचं नाव?"

"एफी हिस्लॉप," अॅडम म्हणाला. "मुलगी."

पोरीची सुरी थांबली. मास्तरांची लेखणीही थांबली. एफीला मूठमाती द्यायला तेही आले होते.

मी भांडं आदळलं. "घरधनी, त्या पोरक्या कोकराचं काय केलंत?"

"आता हे काय मधेच?"

"विचारलं तेवढं सांगा."

"एका मेंढीचं कोकरू मेलं होतं. त्याचं कातडं काढून पोरक्याला चढवलं. वास ओळखीचा लागला, तिनं पाजलं."

"आणि आज?"

"आज उतरवलं. ठेवलं असतं तर अंगावरच सडलं असतं."

"मग मेंढीनं हाकललं का त्याला?"

"हाकलेल कशाला? तिचंच दूध पोटात गेलंय. आता त्याचा स्वतःचाच वास तिला..."

तो थांबला. मेंढरांचं माझ्या माणसाला झटकन कळतं, माणसांचं सांगावं लागतं.

पोरीकडे त्यानं वळून पाहिलं. मग टोपीनं डोळे पुसले.

"ग्रिझेल टेट," तो म्हणाला. "मुलगी."

मास्तर खाकरले. "आडनाव वेगळं आहे, अॅडम. 'सांभाळायला ठेवलेली' असंच लिहावं लागेल."

"मास्तर," मी म्हटलं, "भाकरी कुणाची खाताय?"

"तुमची, बाई."

"मग लिहा, मुलगी. राणीसाहेब विचारायला आल्याच, तर माझ्याकडे धाडा. जाड बूट घालून या म्हणावं."

मास्तर हसले, मान हलवली आणि लिहिलं. मला धड वाचता येत नाही, आणि मास्तरांवर मी विसंबत नाही. ग्रिझेलला उठवून मोठ्यानं वाचायला लावलं. तिनं वाचलं. मग कुणी न सांगता परत एकदा वाचलं.

निळा झगा मी धुऊन पेटीत ठेवला. अॅडमच्या जुन्या घोंगडीतून पोरीला नवा शिवला. टोचतो म्हणून रोज कुरकुरते. कुरकुरू दे. परत धाडतील म्हणून गप्प बसणारी पोर मला नकोच होती.