पत्र्यावरचे चौदा दात

आमच्या डोंगरावरच्या कुडपण गावात पडलेला दुधाचा दात घरावर टाकतात. पूर्वी कौलं होती, दात गुपचूप जाऊन बसायचा. आता पत्रा आहे, म्हणून टण् वाजतो. माझ्या सासूबाई, राहीबाई, नेहमीसारखा तोंडावर पदर धरून ओट्यावर बसतात आणि तो आवाज बोटांवर मोजतात. डोळ्यांत मोतीबिंदू आहे, पण कान भलतेच तिखट.

माझी श्रुतिका सात वर्षांची. शाळेत तपासणीला आलेल्या डॉक्टरांनी मला बोलावून दाखवलं, की तिचे वरचे पुढचे दात खालच्या दातांच्या आत बसतात. म्हणाले, "महाडला दात सरळ करणाऱ्या डॉक्टरांना आत्ताच दाखवा. सगळे दुधाचे दात पडायची वाट बघू नका, तोवर जबडा वाढून बसेल."

घरी सांगितलं तर सासूबाई उखडल्या. "दुधाचा येक बी दात तोंडात हाय तवर डाक्टर नाय! कच्च्या गळवाला कोन सुरी लावतं का गो?"

मुंबईत नोकरी करणाऱ्या नवऱ्याला फोन लावला. एरवी फोनवर वाघ असतो हा माणूस, पण आईचं नाव निघालं की शेळी. "आई म्हणेल तसं कर," म्हणाला. माझं टाळकंच सटकलं.

श्रुतिकाचे तेव्हा सहा दात पडले होते. दुधाचे एकूण वीस. म्हणजे उरले चौदा. मी ओढ्यातून चौदा खडे वेचून आणले.

पहिला खडा मागच्या अंगणातून मीच भिरकावला. टण्! "पडला वाटतं," सासूबाई खूश. मग श्रुतिकालाही चटक लागली. एका आठवड्यात कार्टीने तीन टाकले.

"तीन? पोरीला झालंय तरी काय?"

"थंडीने, आई," मी म्हणाले. "दात वाजून वाजून खिळखिळे होतात." कुडपणच्या थंडीवर काहीही खपतं.

आजीसमोर श्रुतिका भाकरी दुधात कुस्करून खायची आणि गोठ्यामागे जाऊन शेंगदाणे कुडुमकुडुम फोडायची. दीड महिन्यात विसावा टण् झाला. सासूबाईंनी स्वतःच फर्मान काढलं, "चला म्हाडला. मी बी येतंय." हे मात्र माझ्या हिशेबात नव्हतं.

पोलादपूरला एसटी बदलून आम्ही महाडला पोचलो. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. श्रुतिकाच्या तोंडात आरसा फिरवून म्हणाल्या, "छान! दुधाचे चौदा दात आहेत अजून. अगदी योग्य वयात आणलंत."

"चौदा?" सासूबाई म्हणाल्या.

मी पंख्याकडे बघू लागले.

"आजे, ते खडे होते," श्रुतिका लगेच फुटली. "नऊ आईने टाकले. मी फक्त पाच!"

आता इथेच माझी शोभा होणार होती. तेवढ्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "घरात आणखी कुणाचा खालचा जबडा असा पुढे आहे का?"

 मग सासूबाईंनी तोंडावरचा पदर खाली घेतला. सून होऊन नऊ वर्षं झाली, पण तो चेहरा मी असा उजेडात कधी निरखून बघितलाच नव्हता. खालचे दात वरच्या दातांच्या पुढे. थेट श्रुतिका.

"घरातली समदी माज्या सासऱ्यावर गेली," त्या म्हणाल्या. "ही येकटी माज्यावर गेली. तिचं तोंड बिघडलंय म्हनून तू सांगत आलीस, तवा मला वाटलं, माजंच तोंड बिघडलंय म्हनतेस."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दीड महिना मी या बाईला मनातल्या मनात अडाणी म्हणत होते.

"सात वर्सांची असताना मला आनली असती," त्यांनी डॉक्टरीणबाईंना विचारलं, "तर माजं झालं असतं नीट?"

"बहुतेक झालं असतं, आजी. हिला तर काही महिने काढता-घालता येणारी पट्टी दिली तरी पुरेल."

 सासूबाई श्रुतिकाची हनुवटी चिमटीत धरून म्हणाल्या, "बसव गो बाय ती पट्टी. दात पायजे तेवढे सरळ कर. पन ही हनुवटी माजी हाय, तिला हात लावू नको."