टर्कीला हाक मारणारी पेटी

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी पेटी आहे. पेटी म्हटल्यावर तुम्हाला दागिन्यांची पेटी आठवेल, नाहीतर भजनातली. मी त्यांतली नव्हे. मी तुमच्या कंपासपेटीएवढी लांब आहे आणि अंगाने तिच्याहून बारीक. माझ्या भिंती पातळ आहेत आणि झाकण एका टोकाला स्क्रूने सैल बसवलेले आहे. झाकणाला आतून खडू घासायचा आणि ते माझ्या कडेवरून हळूच ओढायचे, की माझ्यातून टर्कीच्या मादीचा आवाज निघतो. क्याँव, क्याँव, क्याँव. टर्की हा कोंबडीच्याच कुळातला, पण तिच्याहून कितीतरी मोठा पक्षी. वसंतात त्याच्या नराने हा आवाज ऐकला, की त्याला राहवत नाही. शिकारी मला त्यासाठीच बाळगतात. माझा आवाज इतका हुबेहूब आहे, की त्यापायी एकदा एका माणसाचा जीव जाणार होता. तीच हकिकत मला सांगायची आहे.

मला डग नावाच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने घडवले. सिडनीहून निघून ब्ल्यू माउंटन्स ओलांडले आणि आणखी बरेच पुढे गेले, की त्याचे शेत लागे. त्याच्या वडिलांनी नाताळच्या बाजारासाठी टर्की पाळले होते. एका वादळात कुंपण पडले आणि पक्षी शेतामागच्या घळीत पळाले. पुढे ते असे रानटी झाले, की माणसाची पापणी लवली तरी दिसेनासे होत. वर ओट्सच्या पिकाची नासाडी करत ती वेगळीच. म्हणून डगने मोडक्या कपाटाची एक फळी घेतली आणि मला कोरले. घळीतल्या माद्यांशी माझा आवाज ताडून पाहत तो माझ्या भिंती थोड्याथोड्या तासत राहिला. मी पहिल्यांदा नीट बोलले, तेव्हा अंगणात झोपलेला त्याचा कुत्रा उठून मादी शोधायला गेला. डग पोट धरून हसला. मला मिळालेली ती पहिली शाबासकी.

पुढे डगचे गुडघे गेले. त्याच्या शेतावर शिकारीला येणाऱ्या गॅविनला त्याने मला देऊन टाकले. गॅविन मूळचा वसईचा, सिडनीत इंजिनियर, आणि तिथल्याच टूनगॅबी उपनगरात त्याचे घर. त्याच्याकडे बंदुकीचा रीतसर परवाना होता. माणूस दिलदार, हाताचा सढळ, पण धीर म्हणून नाही. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात, तो हाच. मायक्रोवेव्हमध्ये दूध ठेवले तरी तो दोनदा दार उघडून बघायचा. मला हातात घेतले की सुटलाच! क्याँव क्याँव क्याँव, थांबणे नाही. टर्कीची रीत अशी, की नर हाक देतो आणि मादी त्याच्याकडे चालत जाते. मादीच इतकी आरडाओरडा करायला लागली, की नर म्हणतो, येतेच आहे तर येऊ दे. मग तो जागचा हलत नाही. गॅविनला वाटे, पेटी बिघडली.

ती वर्षे भारतातून येणाऱ्या विद्यार्थ्यांच्या लोंढ्याची होती. शेजारच्या वेंटवर्थव्हिलच्या दुकानांच्या काचांवर 'खोली भाड्याने'च्या चिठ्ठ्याच चिठ्ठ्या, आणि टूनगॅबीच्या घराघरांत जमिनीवर टाकलेल्या गाद्या. अशात गॅविनचा चुलतभाऊ कॉस्मास वसईहून कुकरीचा कोर्स करायला आला आणि गॅविनच्या गराजमध्ये राहू लागला. दिवसा कॉलेज, संध्याकाळी वेंटवर्थव्हिलच्या एका हॉटेलात कांदे चिरणे. पोरगा गुणी, पण ताकही फुंकून पिणारा. रिकाम्या रस्त्यावरसुद्धा सिग्नल हिरवा होईपर्यंत उभा राहायचा. त्याला परवाना नव्हता, म्हणून शेतावर बंदूक गॅविनकडे आणि मी कॉस्मासकडे, अशी वाटणी झाली. खरे सांगते, त्याच्या हातात मला सुख होते. तो तीनदा वाजवायचा आणि गप्प बसायचा. मादी गप्प झाली, की नराच्या जिवाला घोर लागतो आणि तो स्वतः शोधायला निघतो.

पण अति तेथे माती. एकदा कॉस्मास इतका वेळ गप्प बसला, की खरीच एक मादी आली आणि समोर उभ्या असलेल्या नराला घेऊन गेली. तो नर घळीतला सगळ्यांत मोठा. छाती फुगवून, पिसारा पसरून असा चाले, की दोघा भावांनी त्याचे नाव पाटील ठेवले होते. त्या दिवशी घरी आल्यावर गॅविन पॉलीनला, आपल्या बायकोला, म्हणाला, "पाटील हातचा गेला. आमचे हे साहेब ध्यान लावून बसले होते."

त्याच सप्टेंबरमध्ये, म्हणजे तिकडच्या वसंतात, गॅविनच्या तान्ह्या मुलीचा, जॅनेटचा, बाप्तिस्मा ठरला. गॅविनने सगळ्या वसईकरांना फोन करून सांगितले, की रविवारी जेवायला रानातली टर्की आहे, आपल्या वसईच्या बाटली मसाल्यातली. पॉलीन म्हणाली, "आधी मार तरी!" पण शब्द गेला होता. गॅविनची अब्रू त्या पक्ष्याच्या मानेत अडकली, आणि कॉस्मासची गॅविनच्या मर्जीत. आदल्या शनिवारी पहाटे आम्ही डगच्या शेतावर पोचलो.

निघण्यापूर्वी डगने नेहमीचे नियम पुन्हा सांगितले. पाठीशी खांद्यांहून रुंद झाड ठेवा. लाल कपडे नकोत, नराचे डोके लालच असते. एकदा बसलात की जागा सोडू नका. टर्कीच्या आवाजामागे बंदूक घेऊन कधीच चालत जाऊ नका, तिथे माणूस असू शकतो. आणि मागे कुणी आहे असे वाटले, तर हात हलवू नका, वळू नका, मोठ्याने बोला. गॅविन "नो वरीज" म्हणाला आणि चालायला लागला.

उजाडता उजाडता गॅविन एका जाड बुंध्याशी बसला आणि त्याच्या मागच्या झाडाशी कॉस्मास. कॉस्मासने मला तीनदा वाजवले. घळीपलीकडून पाटलाने गुडगुड करून जबाब दिला, पण तो आला नाही. थोड्या वेळाने गॅविन रांगत मागे आला.

"वाजव ना अजून! झोपलास काय?"

"दादा, तो ऐकतोय. थांबू या. शोधत येईल."

"मागच्या वेळी थांबूनच गेला ना? तू इथेच बस, वाजवत राहा. मी घळीला वळसा घालून त्याच्या मागून येतो."

"डग म्हणाला, एकदा बसलं की…"

"डगचं वय झालं, मेट. किती रे घाबरट तू! असा राहिलास तर या देशात तुझं कसं व्हायचं?"

गॅविन गेला. कॉस्मास तसाच बसून राहिला. बोलणे त्याला लागले होते, हे मला त्याच्या बोटांवरून कळत होते. थंडी मी म्हणत होती. त्याने जॅकेटच्या खिशातून कानटोपी काढली. ती आईने वसईहून पाठवलेली. वसईत लोकर लागते कुणाला! पण पोरगा थंड मुलुखात चालला म्हणून त्या माउलीने शेजारणीकडून विणकाम शिकून घेतले, आणि लोकर निवडली ती नाताळच्या रंगाची, लालभडक, वर पांढरा पट्टा. डगने लाल कपडे नकोत म्हटले होते, आणि एरवी रिकाम्या रस्त्यावर थांबणाऱ्या या पोराने ते शर्टपँटपुरतेच धरले. आईने दिलेली टोपी ही काही कपड्यांत मोडत नाही. त्याने ती कानांवरून खाली ओढली.

मग त्याने जे केले, ते त्याच्या स्वभावात नव्हते. त्याला वाटले, आपण घळीच्या काठाशी जाऊन वाजवले तर पाटील उघड्यावर येईल आणि दादाला नेम मिळेल. एकदा आपणही हिंमत दाखवू. जाड झाड सोडून तो वाकत वाकत पुढे गेला आणि उंच गवतात बसला. त्याच्या पाठीशी एक काटकुळे रोपटे तेवढे होते. त्याने मला मांडीवर ठेवून वाजवले.

पाटील अगदी जवळून बोलला. थोड्याच वेळात तो गवतातून बाहेर आला. पिसारा पसरलेला, डोके लाल, टाळू पांढरी. मी इतकी वर्षे या पक्ष्यांना हाका मारल्या, पण इतक्या जवळून नर क्वचितच पाहिला होता.

आता दुसरीकडे काय झाले ते ऐका. गॅविन वळसा घालताना झाडीत वाट चुकला आणि फिरून कॉस्मासच्याच पाठीमागे येऊन पोचला. तिथे त्याला मादीचा आवाज आला. कॉस्मासला तर त्याने मागच्या झाडाशी बसवले होते, म्हणजे ही खरी मादी! मादी तिथे पाटील, असा त्याने हिशेब बांधला आणि आवाजाच्या रोखाने रांगायला लागला. गवताच्या शेंड्यांवर त्याला काहीतरी लाल हलताना दिसले, मध्ये पांढरे. त्याने बंदूक खांद्याला लावली.

कॉस्मासला मागे गवत सळसळल्यासारखे वाटले. मग खट् असा बारीक आवाज आला. बंदुकीचा खटका सरकल्याचा असेल, नाहीतर वाळकी काटकी मोडल्याचा. नक्की कळेना. काटकी असली, तर बोलताच पाटील जाणार, उद्याच्या जेवणाची फजिती होणार आणि घाबरट हे नाव जन्मभर चिकटणार. समोर पाटील आणखी दोन पावले पुढे आला. कॉस्मासचा अंगठा माझ्या झाकणावरच होता. मला ओरडता आले असते तर मी ओरडले असते. पण मला एकच आवाज येतो, आणि त्या घटकेला तोच आवाज सगळ्यांत वाईट होता.

तो वळला नाही. त्याने हात हलवला नाही. समोर बघतच तो घसा फोडून ओरडला, "माणूस आहे! दादा, मी आहे, माणूस आहे रे!"

पाटील भर्रकन उडाला आणि घळीपार गेला. मागच्या गवतातून गॅविन तावातावाने उठला. "अरे काय केलंस हे! नेम धरला होता मी! डोकं दिसत होतं मला त्याचं, चांगलं लालभडक, वर पांढरं…"

त्याचे बोलणे तिथेच तुटले. तो कॉस्मासच्या टोपीकडे बघत राहिला. मग त्याने पाटील उडाला त्या बाजूला पाहिले, आणि पुन्हा टोपीकडे. त्याने बंदुकीतून काडतुसे काढायचा प्रयत्न केला, पण बोटे ऐकेनात. कॉस्मासने उठून त्याच्या हातावर हात ठेवला, तेव्हा कुठे ती निघाली. गॅविन गवतात मटकन बसला आणि लहान मुलासारखा रडला. मी खाली पडले होते. मला उचलायचे बराच वेळ कुणालाच सुचले नाही, ते शेवटी कॉस्मासला सुचले.

रविवारी जेवणाला वेंटवर्थव्हिलच्या दुकानातली कोंबडी होती. कुणीतरी हसत विचारले, "काय रे, तुझी टर्की कुठाय?" गॅविनला वेळ मारून नेता आली असती, त्यात तो पटाईत होता. पण त्याने घासही न घेता सगळ्यांसमोर झाले ते जसेच्या तसे सांगितले आणि म्हणाला, "हा घाबरट नव्हे. घाबरट मीच. पक्षी जाईल म्हणून घाबरलो, आणि बघितल्याशिवाय नेम धरला." पॉलीन उठली आणि तिने जॅनेटला कॉस्मासच्या मांडीवर दिले.

गॅविनने बंदूक विकली. मी एका खणात गेले. घर टूनगॅबीहून स्कोफिल्ड्सला गेले तेव्हा मीही गेले, टेपरेकॉर्डरच्या वायरी आणि जुन्या चाव्यांबरोबर. माझा स्क्रू गंजला आणि खडू पार उडून गेला. कामाच्या दिवसांची मला आठवण येई. आवाज असलेल्या वस्तूला गप्प बसणे जड जाते.

गेल्या हिवाळ्यात जॅनेटला चाव्या शोधताना मी सापडले. ती आता शाळेच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिने मला उलटसुलट करून पाहिले आणि झाकण ओढले. गंजलेल्या स्क्रूवरही मी बोलले. क्याँव, क्याँव. आतल्या खोलीत खुर्ची पडली. गॅविन धावत आला, केस पिकलेले, चेहरा पांढराफटक. दार अर्धे उघडे होते. ढकलले असते तर उघडले असते, पण तो बाहेरच थांबला.

"कोण आहे तिथे?" त्याने विचारले.

"इट्स जस्ट मी, डॅड," जॅनेट म्हणाली. मग कुणास ठाऊक का, पण मराठीत म्हणाली, "मी आहे, बाबा." तेव्हाच त्याने दार उघडले.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू तुमच्या घरातही असतील. त्यांना पुसा, कोरड्या जागी ठेवा, कधीमधी बोलू द्या. आणि दाराशी असो की रानात, आवाज कितीही ओळखीचा वाटला तरी हात उचलण्याआधी एकदा विचारा, कोण आहे? जबाब येईपर्यंत थांबा.