फोटोत येताय

आत्या मिरचीत खुरपत होती. तिला न विचारताच गावच्या पाणी संस्थेच्या अध्यक्षानं वाफ्यात मोजायची टेप टाकली, तशी ती खुरपं घेऊनच उठली.

"कुणाच्या रानात पाय ठेवलाय?"

"अगं आत्या, तुझ्याच भावाचा पुतळा उभा करायचाय. केवढा मोठा कवी! इथं रस्त्याकडेला शोभून दिसंल."

"जिता होता तेव्हा तुझ्या बापानं ढेकळं मारून हाकलला. आता मेल्यावर शोभतोय होय?"

अध्यक्ष हसला. त्याचं हसणं म्हणजे उसाला लागलेली कीड, वरून काही दिसायचं नाही. "जुनं कशाला उकरतेस? पुतळ्यापाशी बाग करायची, म्हणजे पाटाचं पाणी इथवर येणारच. तुझं रान आपसूक भिजंल."

बारा वर्षं तिचं रान कोरडं होतं. कळशीनं पाणी वाहून तिनं ती मिरची जगवली होती. पाण्याचं नाव निघालं आणि आत्यानं अंगठा दिला. आम्ही शेजारी नको नको म्हणत होतो, पण तहानलेल्याला कोण शहाणपण शिकवणार?

पुतळा झाला. उद्घाटनाला आत्याला खाली, कडेला बसवलं. चौथऱ्यावर कविता कोरली होती, ती मास्तरांनी वाचली:

"या मातीनं मला शब्द दिले,
या पाटानं मला सूर दिला."

मास्तर थांबले. आत्याला अक्षर येत नव्हतं, पण भावाची कविता तोंडपाठ होती. ती उठून उभी राहिली. "अर्धीच का? पुढची मी म्हणते."

"पाट अडवणाऱ्या हातानं मात्र
माझ्या आईचा घडा रिता ठेवला."

पाट अडवणारा कोण, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. आम्ही अध्यक्षाकडं बघितलं. शहरातल्या पाहुण्यांना मात्र हा कार्यक्रमाचाच भाग वाटला. त्यांनी टाळ्या वाजवल्या. ते बघून अध्यक्षानंही वाजवल्या, सगळ्यांपेक्षा जोरात.

"टाळ्या नकोत," आत्या ओरडली, "पाणी सोडा!"

तोवर कुणीतरी गाणं लावलं होतं.

पाणी आलं, नाही असं नाही. पुतळ्याभोवतीच्या हिरवळीपर्यंत आलं आणि तिथंच कुंपण उभं राहिलं. पलीकडं आत्याची मिरची उभ्या उभ्या वाळली.

परवा ती कळशी घेऊन बागेतल्या नळापाशी गेली. दूरवरून आलेली माणसं पुतळ्यासमोर हसत उभी होती. राखणदार धावत आला.

"आजी, जरा बाजूला व्हा. फोटोत येताय."